ओळखी नाहीत म्हणतेस, मग शिट्टी वाजवणारे कोण?

सांगलीजवळच्या एका गावातली, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली खो-खोपटू विचारते: "ताई, मी तीन वर्षं विद्यापीठाच्या संघात आहे. सकाळ-संध्याकाळ सराव आणि दिवाळीच्या आगेमागे स्पर्धा. कॉलेजात कंपन्या आल्या तेव्हा मी पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेले होते. वडील शेती करतात. घरात नोकरीत कोणी नाही, त्यामुळे ओळखी नाहीत. सर म्हणतात खेळत राहा, कोट्यातून होईल. मैत्रिणी म्हणतात खेळ सोड, परीक्षा दे. सुरुवात कुठून करू?"

आधी कोट्याचं बोलते, कारण त्या एका शब्दाच्या भरवशावर आपल्याकडच्या मुली दोन-तीन वर्षं बसून काढतात. मीही काढली. मी कबड्डी खेळायचे, लेफ्ट कॉर्नर. विद्यापीठाकडून खेळले, नंतर एका बँकेत खेळाडू म्हणून कारकुनाची जागा मिळाली. चार वर्षांनी गुडघ्याचं लिगामेंट गेलं, तेव्हा माझं करायचं काय हे ऑफिसला कळेना आणि खरं सांगायचं तर मलाही कळेना. कारण चार वर्षांत मी वर्षातले चार-पाच महिने शिबिरांत आणि स्पर्धांत होते, आणि टेबलावरचं काम शिकलेच नव्हते. पुढे मी माणसं निवडण्याच्या कामात शिरले. आता वीसेक वर्षं चाकणच्या कारखान्यांसाठी तेच करते. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात.

महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांतच खेळाडूंचा वाटा ठेवलेला असतो. ते २००५ पासून आहे, आणि २०१६ च्या शासन निर्णयाने त्याचे निकष बदलले. वयोमर्यादेतही पाच वर्षांची सवलत मिळते. पण परीक्षा माफ नाही, ही गोष्ट मैदानावर कोणी नीट सांगत नाही. तू इतरांसारखाच पेपर देणार, फक्त तुझी स्पर्धा खेळाडूंच्या जागांसाठी बसलेल्या खेळाडूंशी असणार. म्हणजे "खेळ की परीक्षा" हा तुझ्या सरांचा आणि मैत्रिणींचा वाद मुळात पोकळ आहे. कोट्यातून जायचं असेल तर दोन्ही लागतं.

रेल्वेचं गणित निराळं आहे. तिथे खेळाडू भरतीच्या १०० गुणांपैकी ४० खेळाच्या चाचणीला, ५० खेळातल्या कामगिरीला आणि १० शिक्षणाला असतात. चाचणीत ४० पैकी किमान २५ पडले नाहीत तर पुढचं काही बघत नाहीत. शिवाय कामगिरी ताजी लागते, चालू आणि त्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांतली. बारावीत एखादं राष्ट्रीय शालेय पदक मिळालं असेल, तर ते घरात कितीही शोभून दिसलं तरी त्या हिशेबात शिळं झालंय. विद्यापीठाच्या खेळाडूकडून बहुतेक वेळा अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तिनात येण्याची अपेक्षा असते. पश्चिम विभागात खेळलीस, एवढ्यावर भागत नाही. जाहिरातीतली ती ओळ स्वतः वाच, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

हा रस्ता वाईट आहे असं मी म्हणत नाही. कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य आलं २०२४ साली. मधली नऊ वर्षं त्या पगाराने त्याची रायफल चालू ठेवली. तुझ्याच खेळातली धाराशिवची सारिका काळे घे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या संघाची ती कर्णधार, २०२० चा अर्जुन पुरस्कार, आणि नोकरी तालुका क्रीडा अधिकाऱ्याची. पण मुंबईतल्या कबड्डीवाल्यांना विचार. एअर इंडियाचा संघ, देना बँकेचा संघ ही नावं आमच्या काळी पोरांना झोपेतही पाठ असायची. देना बँक २०१९ साली बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली, एअर इंडिया २०२२ साली खासगी झाली. "चांगलं खेळ, नोकरी आपोआप पाठी येते" हे तुझ्या सरांच्या तरुणपणी खरं होतं. त्यांचा हेतू चांगलाच आहे, अनुभव जुना आहे.

म्हणून कोट्यासाठी कागद तयार ठेव, जाहिराती बघत राहा, पण त्यावर अडून बसू नकोस. कागदांचं मात्र आजच कर. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत आंतरविद्यापीठ खेळाडूला 'फॉर्म ३' नावाचा ठरलेला नमुना लागतो आणि त्यावर विद्यापीठाच्या क्रीडा विभागप्रमुखांची सही लागते. स्पर्धेत मिळालेलं रंगीत प्रमाणपत्र त्याऐवजी चालत नाही. राज्याच्या नोकरीसाठी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. तुझं कार्यालय कोल्हापूर विभागाचं. पडताळणीत मूळ स्पर्धेची प्रवेशिका, निकालपत्रक, तुझं नाव असलेली संघाची यादी विचारतात. ज्या संघटनेने स्पर्धा घेतली तिचा सचिव दोन वर्षांनी फोन उचलेलच असं नाही. मी पाहिलेल्या अर्ध्या रडारडी या कागदांवरून होत्या. नावाच्या स्पेलिंगवरून तर विचारू नकोस. आधारवर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर तिसरं. आणि कोणी "प्रमाणपत्र काढून देतो" म्हणत आलं तर त्याच्या दारात उभी राहू नकोस. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर लागलेल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्यात, गुन्हे दाखल झालेत.

आता ओळखींचं.

"ओळखी नाहीत" हे वाक्य मी गावाकडच्या प्रत्येक खेळाडूकडून ऐकते आणि दर वेळी मला हसू येतं. एका खो-खोच्या सामन्याला मैदानाभोवती कोण कोण असतं बघ. दोन पंच, सरपंच (गावचा नव्हे, सामन्याचा मुख्य पंच), गुणलेखक, वेळाधिकारी. यातलं कोणीही पोटापाण्यासाठी शिट्टी वाजवत नाही. कोणी हायस्कूलमध्ये शिक्षक, कोणी जिल्हा बँकेत, कोणी साखर कारखान्याच्या ऑफिसात, कोणी कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर. क्रीडा मंडळाचा खजिनदार बहुधा एखाद्या पतसंस्थेत असतो, नाहीतर कर सल्लागार असतो. स्पर्धेचा मांडव ज्याने दिला, ट्रॉफी ज्याने दिली, त्याचा कुठेतरी व्यवसाय आहे. तुझ्या आधी संघातून बाहेर पडलेल्या मुली आहेत. तीन वर्षांत संघ बदलत गेला, म्हणजे अशा दहा-बारा तरी असतील. आणि विरुद्ध संघातल्या? ज्या मुलीला तू सलग तीन वर्षं पाठलागात बाद केलंस ती तुला विसरली असेल असं वाटतं का?

एखाद्या अधिकाऱ्याच्या मुलीच्या ओळखी म्हणजे बापाच्या ओळखी. त्या लोकांनी तिला चहाचा ट्रे घेऊन येताना पाहिलेलं असतं. तुझ्या ओळखीच्या लोकांनी तुला एक गुण कमी असताना, शेवटचा मिनिट उरलेला असताना पाहिलंय. पंचाचा निर्णय विरुद्ध गेल्यावर तू काय करतेस तेही पाहिलंय. असं कोणाला मी मुलाखतीच्या अर्ध्या तासात कधीच पाहू शकत नाही. अडचण एकच आहे, या लोकांना तू बी.कॉम. आहेस हेच माहीत नाही. त्यांच्या लेखी तू "ती सात नंबरची".

एक खरी गोष्ट. इचलकरंजीकडची एक कबड्डीपटू होती, माझ्या ओळखीतली. तिची सवय अशी की सामना संपला की गुणलेखकाच्या टेबलाशी जाऊन गुणपत्रक तपासायचं, कोणाच्या नावावर किती गुण लागले ते. दोनदा तिने चूक काढून दाखवली, त्यातली एक स्वतःच्या संघाच्या फायद्याची झालेली. तो गुणलेखक कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत हिशेब सांभाळायचा. पुढे त्यांच्याकडे स्टोअरच्या नोंदी ठेवायला माणूस हवा होता, तेव्हा त्याला ती पोर आठवली. पण नंबर नव्हता, शिक्षण काय ते माहीत नव्हतं. तो मंडळात विचारत विचारत पोचला म्हणून बरं. एरवी जागा आठवड्यात भरली असती. तिने आधीच एकदा सांगून ठेवलं असतं तर एवढा शोध घ्यावा लागला नसता.

तर सांगायचं कसं? बहुतेक मुलं असा मेसेज टाकतात: "सर नमस्कार, कुठे जॉब असेल तर सांगा, बायोडाटा पाठवत आहे." याला उत्तर येत नाही, कारण उत्तर देता येत नाही. समोरच्याच्या हातात त्या दिवशी जागा नसते, नाही म्हणायला जीव होत नाही, मग तो गप्प बसतो. आपण समजतो माणूस शिष्ट आहे. त्याऐवजी हे लिही:

"नमस्कार सर. मी अमुक, शिवाजी विद्यापीठाच्या खो-खो संघातली. मागच्या महिन्यातल्या जिल्हा स्पर्धेत आमच्या उपांत्य सामन्याला तुम्ही सरपंच होतात. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, अकाउंट्समध्ये काम करायचं ठरवलंय. तुम्ही कारखान्याच्या अकाउंट्स विभागात आहात असं कळलं. नवीन मुलीला तिथे पहिल्या वर्षी काय काम देतात आणि त्याआधी काय शिकून यावं, एवढं विचारायचं होतं. रविवारी दहा मिनिटं फोन केला तर चालेल का?"

यात तू काही मागितलं नाहीस, फक्त त्याच्या कामाबद्दल विचारलंस. आपल्या कामाबद्दल कोणी आस्थेने विचारलं की माणूस दहाची वीस मिनिटं करतो. फोनवर नोकरीचा विषय तू काढू नकोस, तो स्वतः काढेल. शेवटी एवढंच विचार: "अजून कोणाशी बोलू?" या प्रश्नातून पुढचा नंबर मिळतो. दोन दिवसांत आभाराचा मेसेज, आणि त्यांनी सांगितलेलं काही केलंस, समजा टॅलीचा क्लास लावलास, तर महिन्याभराने तेही कळव. हा शेवटचा मेसेज शंभरातली एखादीच पाठवते, म्हणून ती लक्षात राहते. दर आठवड्याला असे दोन मेसेज पुरे. वही घाल, कोणाशी काय बोलणं झालं लिहून ठेव.

मुलगी म्हणून एक सांगणं. भेटायचं तर ऑफिसच्या वेळेत, ऑफिसात किंवा मंडळाच्या जागेत. "संध्याकाळी हॉटेलात बोलू" म्हणणाऱ्याकडे नोकरी नसते. "नोकरी लावतो, अमुक एवढे लागतील" म्हणणाऱ्याकडे तर नसतेच.

लिंक्डइनबद्दल सगळे विचारतात. पुण्याच्या कंपन्यांसाठी प्रोफाइल कर, एका संध्याकाळचं काम आहे, आणि आपल्या विद्यापीठातून बाहेर पडलेले लोक तिथे शोध. सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांत मात्र आजही व्हॉट्सॲप आणि चहाची टपरी जिंकते.

बायोडाटा तू पाठवला नाहीस, पण न बघता सांगते त्यात काय असेल. पहिल्या पानावर अकरा स्पर्धांची यादी आणि खाली "नेतृत्वगुण, संघभावना, कष्टाळू". माझ्यासारख्या खेळलेल्या बाईला त्या यादीतलं कळेल, पण कंपनीत कागद चाळणारा पंचवीस वर्षांचा मुलगा खो-खो फक्त शाळेत खेळलाय. त्याला पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय यातला फरक माहीत नाही. तेव्हा स्पर्धा दोनच लिही, सर्वांत मोठ्या, आणि प्रत्येकीपुढे एका ओळीत कळेल असं लिही: किती विद्यापीठं होती, तुमचा कितवा नंबर आला. उरलेल्या जागेत तू मैदानाबाहेर काय केलंस ते लिही. दौऱ्यावर जाताना उचल कोण घेतं? तिकिटं, जेवणाची बिलं, परत आल्यावर क्रीडा विभागाला हिशेब कोण देतं? बहुतेक संघांत हे सरांच्या नावावर असतं आणि करते कर्णधार किंवा एखादी शहाणी मुलगी. ती तू असशील तर "संघाच्या चार दौऱ्यांचा खर्च आणि बिलांचा हिशेब सांभाळला" हे एक वाक्य अकरा स्पर्धांपेक्षा भारी आहे. अकाउंट्सची जागा आहे ना? केलं नसशील तर या सीझनला मागून घे. सर आनंदाने देतील, त्यांना बिलं चिकटवायचा कंटाळाच असतो.

मुलाखतीत तुला एक प्रश्न हमखास येईल, कदाचित तोंडावर विचारणार नाहीत पण मनात असेल: ही रजा किती घेणार? आम्हाला खेळाडूंची हीच धास्ती असते. त्यावर "मॅनेज करीन" म्हणू नकोस. खरं काय ते ठरवून जा. पुढच्या वर्षी खेळायचं असेल तर सांग की राज्य स्पर्धा साधारण कधी असते, किती दिवस लागतात आणि ते दिवस तू वार्षिक रजेतून घेशील. थांबणार असशील तर तसं सांग. मी एकदा एका ज्युदोपटूला याच उत्तरावर घेतलं. तिने वर्षाचं कॅलेंडर छापून आणलं होतं, रजेचे नऊ दिवस खुणा करून. लग्नाचं विचारलं तर "सध्या तसं काही ठरलेलं नाही, मला किमान तीन वर्षं हे काम शिकायचंय" म्हण आणि विषय कामावर ने. प्रश्न गैर आहे, मला मान्य आहे. पण पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत ते भांडण तू एकटीने लढावंस असं मी सांगणार नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. कॅम्पसच्या दिवशी तू नव्हतीस याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. पण प्लेसमेंटचं काम बघणाऱ्या प्राध्यापकांना तुझ्या स्पर्धेच्या तारखा आधी कोणी दिल्या होत्या का? पुढे कंपनी येणार असेल तर संघ जाहीर झाल्या दिवशी त्यांना लेखी कळव, काही कंपन्या फोनवर मुलाखत घेतात. आणि तुझं खरं मैदान उन्हाळ्यात आहे. परीक्षेनंतर सीझन सुरू होईपर्यंत तुला दोन-अडीच महिने मिळतात, त्यात मैदान फक्त सकाळचं. नेमकी तेव्हा सीए आणि कर सल्लागारांच्या ऑफिसांत रिटर्नची गडबड असते, कागद लावायला, नोंदी करायला हात कमी पडतात. सांगलीत अशी ऑफिसं गल्लीगल्लीत आहेत. मंडळाच्या खजिनदाराला धरून त्यातल्या एका ठिकाणी बस. पैसे किती मिळतील यावर घासाघीस करू नकोस, पण फुकटही राबू नकोस, येण्याजाण्याचा खर्च तरी माग. जीएसटीचं एक रिटर्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने झालं की बायोडाटात त्याचं एक वाक्य येतं.

खेळातच नोकरी करायची इच्छा तू लिहिली नाहीस, म्हणून लांबवत नाही. ती असेल तर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, प्रशिक्षक अभ्यासक्रम हे दोन रस्ते आहेत. नुसतं चांगलं खेळता येतं म्हणून शाळा घेते ते तासाच्या पैशावर, आणि मे महिन्यात ते पैसे बंद होतात.

या आठवड्यात एवढं कर. विद्यापीठात जाऊन फॉर्म ३ चं विचार, जाताना सगळ्या प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती आणि दहावीची मार्कशीट घेऊन जा. एकदा नावाचं स्पेलिंग जुळवून बघ, चुकलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज तिथेच दे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथले लोक जागेवर सापडत नाहीत. आणि वहीत पंधरा नावं लिही. पहिलं नाव तुझ्या मागच्या सामन्याच्या गुणलेखकाचं असू दे. त्याचा नंबर मंडळाच्या सचिवाकडे असेल.